हवेवर पीएचडी म्हणजे नक्की काय करतेस? नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं

पुण्यात हवा प्रदूषण आणि हवामान बदल या विषयात रिसर्च करतेय, सहावं वर्ष चालू आहे (हो, अजून संपलं नाही, तोही प्रश्न खाली आहे). लग्नात, रिक्षात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना सुद्धा तेच ते प्रश्न आले, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. माझा विभाग कुठला ते मुद्दामच सांगत नाही कारण खाली थोडी कुरकुर आहे.

तू हवामान खात्यात आहेस ना? उद्या पाऊस आहे का सांग.

खात्यात नाही, युनिव्हर्सिटीत. पण पुण्यात हा घोळ होणारच, कारण आपल्याकडे सगळंच आहे. शिवाजीनगरच्या ज्या चौकाला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो ते हवामान खात्याचं ऑफिस १९२८ साली खरंच सिमल्याहून इथे हललं होतं. पाषाणला आयआयटीएम आहे, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था, ती १९६२ ची, तिथे मान्सून, ढग, हवेचा अंदाज असं सगळं चालतं. विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा वेगळा विभाग आहे, आणि मुंबईत आयआयटी, नागपुरात नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. तर अंदाज सांगणं हे खात्याचं काम आणि आमचं काम म्हणजे होऊन गेलेल्या हवेचा पंचनामा. कशाची बनली होती, कुठून आली, अशी का झाली. उद्याचं विचाराल तर छत्री असू द्या बरोबर.

मग दिवसभर करता काय? कॉम्प्युटरवर नकाशे बघता?

नकाशेही बघतो, पण माझा सगळ्यात जास्त वेळ जातो वजन करण्यात. खरंच. वजनकाटा.

झालंय असं की ज्याला सगळे पीएम २.५ म्हणतात ते अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, केसाच्या जाडीचा साधारण पंचविसावा-तिसावा भाग, हे डोळ्याला दिसत नाहीत. ते पकडायला गच्चीवर सॅम्पलर ठेवतो, दिसायला एक पेटी आणि वर नळीला टोपी. आतला पंप मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो म्हणजे तासाला एक घनमीटर आणि दिवसाला २४, साधारण दोन माणसं दिवसभरात जेवढी हवा आत घेतात तेवढी. ती सगळी हवा एका गोल पांढऱ्या टेफ्लॉन फिल्टरमधून जाते, ४७ मिलिमीटरचा असतो तो, पाणीपुरीच्या पुरीएवढा. आता समजा त्या दिवशी हवेत घनमीटरला सरासरी ५० मायक्रोग्रॅम पीएम २.५ होतं, तर २४ गुणिले ५० म्हणजे १२०० मायक्रोग्रॅम, सव्वा मिलिग्रॅमसुद्धा नाही. साखरेचे दोन दाणे समजा. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आणि ते दोन दाणे मोजायचे म्हणजे फिल्टरचं आधी वजन, नंतर वजन, दोन्ही वेळा फिल्टर आधी ठरावीक तापमान आणि दमटपणा असलेल्या खोलीत दिवसभर ठेवायचा कारण कण पाणी पितात आणि पावसाळ्यात तर ढसाढसा पितात. टेफ्लॉनला स्टॅटिक येतं, चिमट्याने उचलला की काट्याच्या भिंतीकडे ओढला जातो आणि आकडा नाचत बसतो, म्हणून आधी त्याच्यावरचा चार्ज घालवायचा. मग तीनदा वजन. मध्येच कोणी दार उघडलं की परत थांबा. त्या खोलीत आम्ही शिंकायलासुद्धा बाहेर जातो.

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे ब्लँक. एक कोरा फिल्टर तसाच डबीत घालून गच्चीवर न्यायचा, पेटीत बसवायचा, पंप चालू करायचा नाही, आणि परत आणून त्याचंही वजन करायचं, म्हणजे नुसत्या ने-आण करण्यात किती घाण लागली ते कळतं आणि ती वजा करता येते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, म्हणजे रिकामा डबा ऑफिसला नेऊन परत आणायचा तसं. अगदी तसंच. पण तो रिकामा डबा नेला नाही तर भरलेल्या डब्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

त्यात एवढं कठीण काय? मशीन चालू करून यायचं.

हां, हे आमचे काका म्हणतात.

लाइट जाते. वॉचमनला वाटतं गच्चीवर उगाच काहीतरी घुर्र करतंय, तो बटण बंद करतो. इनलेटच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते, हे मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं आणि तीन आठवडे आकडे छान कमी कमी येत होते आणि मी खूश होते की वा, हवा सुधारली. नळी उघडली तेव्हा आत मातीचं टुमदार घर आणि त्यात एक मेलेली अळी. तीन आठवड्यांचा डेटा गेला. त्यानंतर आकडा चांगला आला की मला आधी शंका येते, आनंद नंतर.

मोबाइलवर एक्यूआय फुकट दिसतो की. मग तुमची गरज काय?

तो आकडा कुठून येतो ते बघा आधी. आपल्या देशाचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, २०१५ पासून आहे. आठ प्रदूषकं धरतात: पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण), पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. प्रत्येकाचा वेगळा मार्क काढतात आणि त्यात जो सगळ्यात वाईट तोच त्या दिवसाचा एक्यूआय. सरासरी नाही काढत. सात विषयांत डिस्टिंक्शन आणि एकात नापास तर निकाल नापास, असा हिशोब. त्यामुळे दोन शहरांचा एक्यूआय सेम दीडशे असला तरी एकात रस्त्याची धूळ असेल आणि दुसऱ्यात ओझोन, आणि दोन्हीवर औषध पूर्ण वेगळं. आकड्याच्या आत काय आहे हे सांगायला कोणीतरी फिल्टर फाडून बघावा लागतो, ते आम्ही.

आणि एक, हा आकडा मागच्या २४ तासांच्या सरासरीवर असतो (ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइडला आठ तास). म्हणजे तुमच्या समोर आत्ता कचरा पेटलाय आणि अॅप हिरवं दाखवतंय तर अॅप खोटं बोलत नाहीये, ते कालपासूनचं बोलतंय.

एका अॅपवर ९५ आणि दुसऱ्यावर १५० च्या वर. कुठलं खरं?

दोन्ही. पट्टी वेगळी आहे. पीएम २.५ साधारण ६० असेल तर भारतीय पट्टीवर एक्यूआय १०० येतो, म्हणजे 'समाधानकारक'. तीच हवा अमेरिकन पट्टीवर दीडशेच्या पुढे जाते, म्हणजे सगळ्यांनाच अपायकारक. हवा तीच, नाक तेच. शिवाय आपली पट्टी ५०० ला थांबते, त्यामुळे दिल्लीच्या बातम्यांत जे हजार-बाराशे दिसतं ते परदेशी पट्टीवरचं असतं. सरकारी आकडा बघायचा तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' अॅप आहे आणि पुणे, मुंबई, दिल्ली, अहमदाबादसाठी आयआयटीएमचं 'सफर', जे २०१० च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या वेळी दिल्लीत सुरू झालं आणि २०१३ मध्ये पुण्यात आलं.

मला विचाराल तर एक्यूआय सोडा आणि पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम बघायची सवय लावा. आपलं २४ तासांचं मानक ६० आहे, २००९ पासून तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःचं २५ वरून १५ वर आणलं. म्हणजे आपण ज्याला पास म्हणतो ते तिकडच्या चौपट आहे. हे वाचून चिडू नका, आपल्याकडे नैसर्गिक धूळही जास्त आहे आणि १५ एका रात्रीत कोणी गाठणार नाही, पण 'समाधानकारक' हा शब्द वाचताना ही चौपट लक्षात ठेवा.

सोसायटीने ऑनलाइन एक छोटं मशीन घेतलंय, ते खरं दाखवतं का?

अर्धं खरं. त्याच्या आत एक छोटा पंखा आणि लेझर असतो, कणांवरून प्रकाश किती विखुरतो ते बघून वजनाचा अंदाज करतं. म्हणजे वजन न करता वजन सांगतं, चेहरा बघून. आणि मगाशी म्हटलं तसं कण पाणी पितात, दमट हवेत फुगतात, मशीनला वाटतं बापरे केवढे कण. जुलैच्या धुक्यात तुमचं मशीन लाल झालं तर घाबरू नका. आम्हीही अशी स्वस्त मशीनं वापरतो, पण आधी महिना-दोन महिने चांगल्या मशीनच्या शेजारी बसवून दोघांचे आकडे जुळवतो, आणि ऋतू बदलला की परत. ही जुळवाजुळव हा रिसर्चचा मोठा विषय आहे सध्या, कारण चांगलं मशीन लाखांत जातं आणि गावोगाव ते बसवणं शक्य नाही.

पण त्या मशीनचा एक उपयोग झकास आहे: फरक बघायचा. मी घरी स्वयंपाकघरात ठेवलं होतं. पोह्यांसाठी मोहरी-मिरचीची फोडणी दिली आणि आकडा चाळीसवरून चारशेच्या पुढे, खिडकी उघडल्यावर पंधरा मिनिटांत खाली. आकडा किती अचूक ते सोडा, पण त्या दिवसापासून आईने एक्झॉस्ट फॅन आधी लावायला सुरुवात केली, जे मी सहा वर्षं सांगून झालं नव्हतं.

प्रदूषण हिवाळ्यातच का वाढतं? गाड्या तर बारा महिने असतात.

बरोबर प्रश्न. धूर तोच, खोली लहान होते. दुपारी जमीन तापते, हवा वरखाली घुसळली जाते, प्रदूषण एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत पसरतं. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि वरची कोमट असं उलटं होतं, त्याला इन्व्हर्शन म्हणतात, आणि मग सगळा धूर खालच्या शे-दोनशे मीटरमध्ये अडकतो. शिवाय पुणं टेकड्यांच्या मध्ये बसलेलं. सकाळी पर्वतीवर गेलात तर तो करड्या रंगाचा थर अगदी सुरीने कापल्यासारखा दिसतो, वर निळं आणि खाली राख. त्यात शेकोट्या, झाडलेल्या पाचोळ्याचे ढीग, आणि जिथे अजून आहेत तिथे अंघोळीच्या पाण्याचे बंब.

मुंबईला समुद्राचा वारा वाचवतो. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे, रात्री उलटा, असा झाडूच फिरत असतो. तो झाडू मंदावला की मुंबईसुद्धा दिल्लीच्या पंगतीत जाऊन बसते, मागच्या काही हिवाळ्यांत बघितलंच सगळ्यांनी.

यावरून एक कामाची गोष्ट: डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहाला मोठ्या रस्त्याकडेने फिरायला जाणाऱ्या काकालोकांनो, ती शुद्ध हवा नसते, ती रात्रभर साठलेली असते. ऊन वर आलं की जा.

सरळ सांगा ना, दोषी कोण? गाड्या की बिल्डर?

हा प्रश्न पत्रकार विचारतात आणि त्यांना एका वाक्यात उत्तर हवं असतं. एका वाक्यात: पीएम १० मध्ये रस्त्याची आणि बांधकामाची धूळ भारी, पीएम २.५ मध्ये जाळलेल्या गोष्टींचा वाटा वाढतो. आता सविस्तर.

हे शोधायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे हिशोबाची वही: शहरात गाड्या किती, बेकऱ्या किती, डंपर किती, तयार काँक्रीटचे आरएमसी प्लांट किती, प्रत्येकातून किती धूर, बेरीज करा. यासाठी आमची पोरं चौकात उभी राहून गाड्या मोजतात, भट्टीवाल्याला विचारतात दिवसाला किती लाकूड लागतं, तो म्हणतो तुम्ही मुन्सिपाल्टीचे का, आणि आकडा अर्धा सांगतो. दुसरा रस्ता उलटा: फिल्टरवर काय सापडलं त्यावरून मागे जायचं. सिलिकॉन, अॅल्युमिनियम, कॅल्शियम दिसलं की माती-सिमेंट. काजळी म्हणजे डिझेल किंवा लाकूड किंवा कचरा. सोडियम-क्लोराइड म्हणजे समुद्र. पोटॅशियम म्हणजे लाकूड, पाचट, पण फटाक्यांच्या दारूतही पोटॅशियम असतं, म्हणून नोव्हेंबरमध्ये फसायला होतं. मग लेव्होग्लुकोसान नावाची साखर शोधतो जी फक्त लाकूड-काडीकचरा जळताना तयार होते, ती सापडली तर चूल किंवा शेत, नाही सापडली आणि सोबत बेरियम, स्ट्रॉन्शियम असेल तर लक्ष्मीपूजन. हे एवढं शंभरएक फिल्टरवर केलं की गणित बसवून कोणाचा वाटा किती ते काढता येतं, आणि तरी त्याला अमुक टक्के अधिक-उणे अशी शेपूट असतेच.

पेच कुठे येतो तर बरेचसे कण कोणाच्याच धुराड्यातून बाहेर पडत नाहीत. गाडीतून आणि वीज केंद्रातून वायू निघतो, खतातून आणि गोठ्यातून अमोनिया निघतो, आणि वाटेत त्यांचं लग्न लागून सल्फेट-नायट्रेटचे कण जन्माला येतात. आता बोला, दोषी कोण? शिवाय वारा हद्द बघत नाही, शहराबाहेर उसाचं पाचट पेटवलं की शहराच्या फिल्टरवर दिसतं.

केंद्रीय मंडळाने २०१०-११ च्या सुमारास दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळूर, कानपूर अशा सहा शहरांचा असा अभ्यास काढला होता, पुण्याचं काम एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने केलं, मुंबईचं नीरीने. तेव्हापासून शहर केवढं बदललं बघा, मेट्रो खोदली, हिंजवडी-वाघोली भरली. जुन्या टक्केवाऱ्या अजून भाषणात फिरतात त्याचा मला वैताग येतो.

हवा प्रदूषण आणि हवामान बदल एकच ना?

धुराडं बऱ्याचदा एकच, घड्याळं वेगळी. कोळसा जाळला की एकाच वेळी धूळही निघते आणि कार्बन डायऑक्साइडही. धूळ काही दिवस, फार तर आठवडाभर हवेत राहते, पाऊस आला की धुऊन जाते. मिथेन साधारण बारा वर्षं. आणि कार्बन डायऑक्साइडचा काही भाग शेकडो वर्षं जात नाही. त्यामुळे लॉकडाऊनमध्ये २०२० साली आकाश निळं झालं, नायट्रोजन डायऑक्साइड उपग्रहावरूनही कमी दिसला, पण पृथ्वीच्या तापाला काही फरक पडला नाही. हवाईच्या मौना लोआवर १९५८ पासून कार्बन डायऑक्साइड मोजतात, तेव्हा ३१५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३१५) होता, आता ४२० च्या वर आहे आणि तो आलेख २०२० मध्येही वरच गेला.

अजून एक गंमत, गंमत म्हणजे डोकेदुखी. सगळे कण तापवत नाहीत. काजळी ऊन शोषते, तापवते, हिमालयाच्या बर्फावर बसली की बर्फ लवकर वितळतो. पण सल्फेट ऊन परत पाठवतं, थंड करतं. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तर पुढच्या वर्षभरात जगाचं तापमान अर्धा अंशाच्या आसपास उतरलं, ते याच सल्फेटमुळे. म्हणजे आपण घाण करून एक सावलीही धरून बसलोय. हवा साफ केली की ती सावली जाणार. जहाजांच्या तेलातलं गंधक २०२० पासून साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं, त्यानंतर समुद्रावरचे ढग किती बदलले यावर आत्ता आमच्या क्षेत्रात जोरात भांडण चालू आहे.

मग घाण ठेवायची का? अजिबात नाही. सल्फेट फुफ्फुसात जातं तेव्हा ते थंडावा देत नाही. अर्थ एवढाच की धूळ आणि कार्बन दोन्ही बरोबरच कमी करावे लागतील, एक नंतर बघू असं चालणार नाही.

आमच्या लहानपणीही उन्हाळा असाच होता. बदलतंय ते खरं कशावरून?

आजोबा, तुमची आठवण खोटी नाही. पुण्यात १८९७ च्या एप्रिलमध्ये ४३.३ अंश नोंदलेत, तेव्हा कुठल्या गाड्या होत्या? पण एका दिवसाचा विक्रम म्हणजे एका मॅचमधली सेंच्युरी, आम्ही बघतो अॅव्हरेज. १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशाने वाढलं, हे २०२० च्या सरकारी अहवालातच आहे, आणि तो अहवाल मुख्यतः आपल्या पाषाणच्या लोकांनी लिहिलाय. ०.७ ऐकायला किरकोळ वाटतं, पण तापाचं बघा, ९८.६ आणि १००.

त्याच अहवालात अजून एक ओळ आहे जी मला जास्त टोचते: १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मान्सूनचा पाऊस साधारण ६ टक्क्यांनी कमी झाला आणि जिथे ठळक कमी झाला त्यात गंगेच्या मैदानाबरोबर आपला पश्चिम घाट आहे, आणि एक कारण हवेतले कण असल्याचं मानलं जातं. आणि दुसरीकडे आयआयटीएमच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या टीमने २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण कमी आणि पडला तर धो-धो, असं दोन्ही एकदम होऊ शकतं. शेतकऱ्याला हे समजवायला लागत नाही, शहरातल्यांना लागतं.

कण आणि ढगांचं हे नातं बघायला महाबळेश्वरला २०१२ पासून ढगांची प्रयोगशाळा आहे. लोक तिथे स्ट्रॉबेरी खायला जातात, आमच्यातले काही जण खिडकीतून आत येणारा ढग मोजायला जातात.

मॉडेल मॉडेल म्हणतेस ते काय असतं?

पृथ्वीचे चौकोनी डबे करायचे, प्रत्येक डब्यात वारा, पाणी, उष्णता, धूर यांची समीकरणं सोडवायची, मग शेजारच्या डब्याला निरोप द्यायचा, असं लाखो वेळा. यासाठी सुपरकॉम्प्युटर लागतो, आयआयटीएममध्ये आधी 'प्रत्युष' होता, २०२४ मध्ये 'अर्क' आला. भारताचं पहिलं पृथ्वी-प्रणाली मॉडेलही तिथलंच, ते आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालासाठीच्या जागतिक प्रयोगात गेलं. मॉडेल चुकतं का? चुकतं. म्हणून तर फिल्टर लागतो.

मास्क, प्युरिफायर, झाडं. काय करू?

एन ९५ नीट बसवला तर काम करतो, कापडी मास्क सूक्ष्म कणांना फारसा अडवत नाही. प्युरिफायर बंद खोलीत चालतो, खिडकी उघडी ठेवून नाही. झाडं लावा, सावलीसाठी, पाखरांसाठी, पण चौकातला धूर कुंड्या पिऊन टाकतील ही आशा सोडा. आणि सोसायटीत झाडलेला पाला पेटवू देऊ नका, खड्डा करून खत करा, एवढं एक केलं तरी सकाळी तुमच्याच खिडकीत फरक दिसेल.

एवढे रिपोर्ट देता, होतं काय त्याचं?

कधी कधी होतं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ ला सुरू झाला, आधी २०२४ पर्यंत २० ते ३० टक्के कपात म्हणत होते, मग २०२५-२६ पर्यंत पीएम १० मध्ये ४० टक्के असं झालं. पुणे, मुंबई, नागपूर, चंद्रपूर, सोलापूर, जालना अशी आपली बरीच शहरं त्यात आहेत. माझी तक्रार पीएम १० शी आहे. जाड धूळ कमी दाखवायची तर रस्त्यावर पाणी मारणारे टँकर फिरवा, झाडण्याची यंत्रं घ्या, फोटोही चांगले येतात. पीएम २.५ ला पाणी मारून काही होत नाही, तिथे कोळसा, डिझेल, कचरा यांनाच हात घालावा लागतो, आणि तिथे हात भाजतात.

पण २०२५ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूर सहा महिन्यांत गॅस-विजेवर न्या असं सांगितलं. यासारखं काही झालं की वाटतं, वहीत लिहिलेलं कोणीतरी वाचतंय.

एकदा एका ऑफिसात आम्ही दोन वर्षांचा डेटा घेऊन गेलो होतो. साहेबांनी पहिलं पान उघडून विचारलं, "यात आमचा वॉर्ड चांगला आहे का?" आम्ही म्हटलं आहे, साधारण. ते म्हणाले मग छान, आणि चहा मागवला. पुढचं पान उघडलंच नाही. चहा चांगला होता, खोटं कशाला बोलू.

माझ्या मुलीला यात जायचंय. पैसे मिळतात का? आणि तुझी पीएचडी कधी संपणार?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, पर्यावरण, इंजिनीअरिंग, कुठूनही येता येतं. एमएस्सीनंतर नेट किंवा गेट परीक्षा. जेआरएफ (रिसर्चसाठीची सरकारी फेलोशिप) मिळाली तर २०२३ च्या जानेवारीपासून महिना ३७,००० आणि घरभाडं भत्ता, दोन वर्षांनी ४२,०००. मिळतात, पण दर महिन्याला मिळतात असं मी म्हटलेलं नाही. आमची फेलोशिप एकदा पाच महिने अडकली होती, मेसवाल्या काकूंनी सांभाळून घेतलं. थिसिसच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव असणार आहे.

पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) शिकून घे म्हणावं आत्तापासून. उंचीची भीती असेल तर घालव, सगळी मशीनं गच्चीवर असतात. आणि मुलींसाठी खास: फील्डवर कुठे मशीन लावायचं ठरवताना आधी वारा बघतात, मग लाइटचा पॉइंट, आणि बाथरूमचं कोणीच बघत नाही, ते आपण आधी विचारायचं, लाजायचं नाही.

संपण्याचं म्हणाल तर माझा पेपर तपासणाऱ्या एका रिव्ह्यूअरने विचारलंय की त्या तीन आठवड्यांचा डेटा का नाही. कुंभारमाशीबद्दल इंग्रजीत सभ्य वाक्य कसं लिहायचं ते शोधतेय.

आमच्या गच्चीवर मशीन लावाल का? आम्हाला आवडेल.

लावू की, खरंच विचारा. चारी बाजूंनी हवा मोकळी पाहिजे, जवळ जनरेटरचा पाइप, हॉटेलची चिमणी नको, शेजारी मोठं झाड नको. पंधरा अँपिअरचा एक पॉइंट. गच्चीची चावी आठवड्यातून दोनदा, कधी कधी पहाटे. वाळवणाच्या कुरडया मशीनपासून लांब. कबुतरांना दाणे टाकणारं कोणी असेल तर आधीच सांगा, सगळा फिल्टर पिसांचा होतो. आणि सेक्रेटरींनी वॉचमन दादांना स्वतः येऊन सांगायचं की ते घुर्र करणारं बटण बंद करायचं नाही, मी चिठ्ठी चिकटवते पण चिठ्ठी कोणी वाचत नाही.